ज्याचा घास, त्याचाच देव?

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव नावाचे स्थानक आहे. त्याच्या परिसरात पंडिता रमाबाईंनी उभे केलेले मुक्ती मिशन शतकाहून अधिक काळ उभे आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील वाटांवर, धर्मशाळांत आणि मदत छावण्यांत उपाशी पडलेल्या मुली व बालविधवा रमाबाईंनी गोळा केल्या आणि शेकडोंच्या संख्येने येथे आणल्या. गुजरातेत ज्याला 'छप्पनियो' म्हणून अजूनही ओळखतात, त्या १८९९-१९०० च्या दुष्काळात आणखी मुली आल्या आणि या वसाहतीची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. हे कार्य मोठे होते. ते नाकारणे हा कृतघ्नपणा ठरेल. वाटेच्या कडेला प्राण सोडणाऱ्या मुलीला उचलणारे हात कोणत्या धर्माचे आहेत, असे त्या घटकेला विचारणारा माणूस हिंदूही नव्हे आणि माणूसही नव्हे.

प्रश्न त्या घटकेनंतरचा आहे. मुलगी वाचली, पोटभर जेवू लागली, लिहू-वाचू लागली. आता तिचा देव कोणी ठरवायचा?

केडगावात या प्रश्नाचे उत्तर काय मिळाले, ते मिशनच्या इतिहासातच नमूद आहे. १९०५ मध्ये तेथे प्रार्थनेची एक मोठी लाट उसळली. ख्रिस्ती जगतात ती 'रिव्हायव्हल' म्हणून गाजली आणि तिची वर्णने परदेशी नियतकालिकांतून छापून आली. त्या लाटेच्या तोंडावर रमाबाईंनी आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला जाण्यासाठी स्वयंसेविकांना आवाहन केले आणि सुमारे तीस तरुणी पुढे आल्या. म्हणजे निराधारांसाठी निघालेले घर अवघ्या काही वर्षांत पंचक्रोशीसाठी प्रचारकेंद्र झाले. आश्रयासाठी आलेल्यांतूनच त्याचे प्रचारक तयार झाले. रमाबाईंच्या निष्ठेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. त्यांना जे सत्य वाटले, ते त्यांनी उघडपणे सांगितले आणि त्यासाठी आयुष्य वेचले. परंतु बालगृहाकडून गावाकडे जाणारी ही वाट त्या वेळी पडली ती पडलीच. आजही अनेक ख्रिस्ती बालगृहांचा 'ग्रामसंपर्क' याच वाटेने चालतो.

सर्वच ख्रिस्ती संस्था असे करतात असा आरोप येथे नाही. शिक्षण आणि रुग्णसेवेत धर्म मध्ये न आणणारे ख्रिस्ती डॉक्टर व शिक्षक महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहेत आणि त्यांच्याविषयी समाजात आदर आहे. प्रश्न त्या पद्धतीचा आहे, जिच्यात बालगृह हे मध्यवर्ती ठाणे असते आणि भोवतालची गावे हे त्याचे क्षेत्र. प्रथम आरोग्य शिबिर होते. मग मे महिन्याच्या सुट्टीत मुलांसाठी खेळ, गाणी आणि गोष्टींचा वर्ग भरतो. गोष्टी कोणत्या, हे सांगायला नको. नाताळात वह्या, कपडे आणि खाऊ वाटला जातो. आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना होते. ताप उतरला तर श्रेय प्रार्थनेला जाते, नाही उतरला तर गोळी दिलेलीच असते. या सर्व संपर्कातून संस्थेला कळते की कोणत्या घरात बाप दारूत बुडाला आहे, कोणती बाई नवऱ्यामागे तीन लेकरे घेऊन बसली आहे, कोणते कुटुंब दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणार आहे. त्या घरातले मूल बालगृहात येते. मग त्याचे छायाचित्र दूरदेशीच्या एखाद्या दात्याकडे जाते आणि दर महिन्याला ठरावीक रक्कम सुरू होते. सुट्टीत घरी गेलेले ते मूल जेवणापूर्वी डोळे मिटून नवी प्रार्थना म्हणते. आई ऐकते आणि गप्प बसते.

त्या गप्प बसण्याला संमती म्हणायचे काय?

सगळा वाद या एका ठिकाणी येऊन थांबतो. दुर्दैवाने या ठिकाणाबद्दलच सर्वांत कमी बोलले जाते. सक्ती झाली का, आमिष दाखवले का, पैसे दिले का, असे प्रश्न विचारले जातात. चौकशी होते, पुरावा मिळत नाही आणि प्रकरण मिटते. पुरावा मिळणार तरी कसा? येथे कोणी तलवार उगारलेली नसते आणि कोणी नोटाही मोजलेल्या नसतात. केवळ एक ताट असते आणि त्या ताटाशेजारी एक पुस्तक असते. ताट हवे असणाऱ्याला पुस्तक नको म्हणण्याचे धैर्य कोठून येणार? चावडीवर उभे राहून प्रचारकाने भाषण केले, तर ऐकणारा उठून जाऊ शकतो. आपले लेकरू ज्याच्या छपराखाली झोपते, त्याच्या समोरून आई उठून जाऊ शकत नाही. आणि लेकरू तर मुळीच जाऊ शकत नाही. सहा वर्षांच्या मुलाला सायंप्रार्थनेला बसायचे की नाही, याचे 'स्वातंत्र्य' आहे असे कोणी सांगत असेल, तर त्याने सहा वर्षांचे मूल जवळून पाहिलेले नाही.

नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्या वेळी ते तिशी ओलांडलेले, संस्कृत जाणणारे, वादविवादात मुरलेले कवी होते. त्यांच्या निर्णयाने घर मोडता मोडता वाचले, नाशिक-नगरची ब्राह्मणमंडळी संतापली. पण तो निर्णय त्यांचा होता आणि त्याची किंमत त्यांनी स्वतः मोजली. प्रौढ माणसाने विचारान्ती श्रद्धा बदलली, तर त्याच्याशी वाद घालता येतो, त्याच्या आड येता येत नाही. बालगृहातील मुलाने असा कोणता विचार केलेला असतो?

भारतीय राज्यघटनेला ही अडचण ठाऊक होती. कलम २८(३) सांगते की, राज्याने मान्यता दिलेल्या किंवा राज्याच्या निधीतून साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कोणालाही त्याच्या संमतीवाचून, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीवाचून, धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यायला लावता येणार नाही. 'संस्थेत अथवा तिच्याशी संलग्न आवारात' होणाऱ्या उपासनेचाही त्यात उल्लेख आहे. तरीही कलमाचा रोख शाळेवर आहे. शाळा सुटल्यानंतर जे मूल त्याच आवारात जेवते, झोपते आणि वाढते, त्याच्या संध्याकाळकडे आणि रविवारकडे कोणाचे लक्ष असते? घंटा झाली की घटनेचे संरक्षण जणू दप्तराबरोबर खुंटीला टांगले जाते. आणि 'पालकाची संमती' म्हणजे काय, तर प्रवेशाच्या दिवशी अर्जावर उमटवलेला अंगठा.

धर्मप्रचाराच्या अधिकाराचा हवाला नेहमी दिला जातो. कलम २५ मध्ये तो अधिकार आहे, यात शंका नाही. पण रेव्हरंड स्टेनिस्लॉस विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९७७ मध्ये स्पष्ट केले की, आपल्या धर्माची तत्त्वे सांगण्याचा अधिकार म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार नव्हे. त्याच्याही आधी, मध्य प्रदेश शासनाने न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९५६ मध्ये अहवाल दिला. धर्मांतराचे साधन म्हणून वैद्यकीय सेवेचा वापर करण्यास कायद्याने बंदी असावी, अशी तिची एक शिफारस होती. तिची दुसरी एक शिफारस मात्र या अहवालाचे नाव घेणारेही क्वचितच आठवतात. अनाथालये चालवणे हे शासनाचे प्रथम कर्तव्य आहे, कारण ज्यांना आईबाप वा नैसर्गिक पालक नाहीत अशा अज्ञान बालकांचे कायदेशीर पालकत्व राज्याकडेच असते, असे समितीने म्हटले होते. पहिली शिफारस मिशनऱ्यांना उद्देशून होती, दुसरी शासनाला आणि पर्यायाने समाजाला. पहिलीवर सभा झाल्या. दुसरीवर किती झाल्या?

संविधान सभेत १ मे १९४७ रोजी हाच विषय निघाला होता. अठरा वर्षांखालील मुलाचे धर्मांतर कायद्याने मान्य करू नये, अशी दुरुस्ती कन्हैयालाल मुनशी यांनी मांडली. त्या चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक प्रश्न उपस्थित केला. ज्या मुलांना आईबापही नाहीत आणि कायदेशीर पालकही नाहीत, त्यांचे काय? त्यांना कोणतेच धार्मिक शिक्षण मिळू नये काय? कलम पुन्हा सल्लागार समितीकडे गेले आणि अखेरीस घटनेत आले नाही. बाबासाहेबांचा प्रश्न अडचणीचा होता आणि तो टाळून पुढे जाणे हे बौद्धिक आळसाचे लक्षण होईल.

त्या प्रश्नाला उत्तर आहे. बालगृहात येणारी बहुतेक मुले पूर्णार्थाने अनाथ नसतातच. कोणाची आई असते, कोणाचा आजा असतो, कोणाचे दोघेही असतात आणि नसते ती फक्त भाकरी. अशा मुलाबरोबर त्याचे नाव, त्याची बोली, त्याचा कुलाचार आणि त्याचा देव आलेला असतो. ती ठेव आहे. ठेव सांभाळणाऱ्याने ती जशीच्या तशी परत करायची असते; आपल्या शिक्क्याने बदलून द्यायची नसते. ज्या अर्भकाचे कोणीच नाही, त्याला कायद्याने दत्तक पालक मिळावेत, म्हणजे ते एखाद्या घराच्या देवघरात किंवा प्रार्थनेत वाढेल. संस्थेच्या संख्येत भर म्हणून नव्हे. उरलेल्यांसाठी नियम सोपा आहे. सज्ञान होईपर्यंत संस्थेने त्यांच्या श्रद्धेला हात लावू नये. अठराव्या वर्षानंतर ती मुले चर्चमध्ये जावोत, मंदिरात जावोत वा कोठेही न जावोत.

हाच नियम हिंदू संस्थांनाही लागू केला पाहिजे, आणि तेथे कुरकुर चालणार नाही. एखाद्या हिंदू वसतिगृहात ख्रिस्ती आईबापांचे मूल शिकायला आले, तर रविवारी त्याला चर्चला जाता आले पाहिजे. मुसलमान मूल आले, तर त्याचा रोजा पाळला गेला पाहिजे. जे इतरांकडून मागायचे, ते स्वतः देता आले नाही तर मागण्याचा अधिकार राहत नाही. ओरिसात मनोहरपूर येथे जानेवारी १९९९ मध्ये कुष्ठरुग्णांत काम करणाऱ्या ग्रॅहम स्टेन्स यांना त्यांच्या दोन लहान मुलांसह गाडीत जाळण्यात आले. त्या कृत्याने धर्माचे रक्षण झाले असे मानणाऱ्याने धर्म हा शब्द पुन्हा उच्चारू नये. मुलांच्या हक्काची भाषा बोलणाऱ्यांना दोन मुलांच्या राखेवर उभे राहता येत नाही.

आता दुसरी बाजू. ती अधिक बोचणारी आहे, आणि म्हणूनच टाळली जाते.

रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आणले. संस्था अमेरिकेतील पैशावर चालत असली, तरी धर्माबाबत तटस्थ राहील असे आश्वासन होते. म्हणून रानडे-भांडारकरांसारखे समाजधुरीण तिच्या सल्लागार मंडळात बसले. पुढे मुली रमाबाईंच्या खाजगी प्रार्थनेस बसू लागल्याची ओरड झाली. 'केसरी'ने कोरडे ओढले. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृतींनी मंडळाचा राजीनामा दिला आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. टिळकांचा आक्षेप योग्य होता. दिलेले आश्वासन पाळले गेले नव्हते. पण काढून नेलेल्या मुली कोठे गेल्या? ज्या घरांतून त्या पळून वा सुटून आल्या होत्या, त्याच घरांत. त्याच अंधाऱ्या माजघरात, त्याच केशवपनाकडे, त्याच टोमण्यांकडे. वृत्तपत्रांत विजय मिळाला आणि मुलींना चूल मिळाली.

त्या वेळी पुण्यात एकच माणूस असा निघाला, ज्याने रमाबाईंच्या पत्त्यावर निषेधपत्र पाठवण्याऐवजी दुसरे घर बांधायला घेतले. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये ज्यांच्याशी पुनर्विवाह केला, त्या गोदूबाई शारदा सदनातच शिकलेल्या होत्या. तेथे काय चांगले होते, हे त्यांना घरातूनच कळत होते. १८९६ मध्ये अण्णांनी अनाथ बालिकाश्रम स्थापला, १९०० मध्ये तो हिंगण्याच्या माळावर गेला, आणि १९१६ मध्ये त्याच कार्यातून महिला विद्यापीठ उभे राहिले. समाजाने त्यांना वाळीत टाकले, हेही या कथेत नोंदवून ठेवलेले बरे. त्याआधी १८७५ मध्ये पंढरपुरात टाकलेल्या अर्भकांसाठी बालकाश्रम निघाला. त्याच्याही आधी, १८६३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले आणि तेथे जन्मलेल्या मुलाला आपले नाव दिले. म्हणजे वाट माहीत नव्हती असे नाही. चालणारे थोडे होते आणि त्यांना दगड मारणारे पुष्कळ.

आजही चित्र फार निराळे आहे काय? मराठवाड्यातील बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या दरवर्षी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात. मूल बरोबर नेले तर शाळा बुडते, मागे ठेवले तर आजीच्या भरवशावर. या पाच-सहा महिन्यांच्या पोकळीत जो कोणी दार उघडतो, तो त्या कुटुंबाचा देव होतो. शासनाने हंगामी वसतिगृहे काढली, संत भगवानबाबा यांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृह योजना आणली. परंतु शासकीय वसतिगृह म्हणजे इमारत, अनुदान आणि हजेरीपट. रात्री तापाने फणफणलेल्या मुलाच्या उशाशी बसणारे माणूस निविदा काढून मिळत नाही. मिशनकडे ते माणूस असते. हे त्यांचे सामर्थ्य आहे आणि त्याचा राग धरण्यापेक्षा अभ्यास करणे शहाणपणाचे.

हिंदू समाजातही असे अभ्यास झाले आहेत. रमाकांत केशव उपाख्य बाळासाहेब देशपांडे यांनी १९५२ मध्ये जशपूरला वनवासी कल्याण आश्रमाची सुरुवात केली, ती वनवासी मुलांच्या शिक्षणापासून. किल्लारीच्या भूकंपानंतर १९९३ मध्ये भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुले पुण्याजवळ वाघोलीला आणून शिकवली. तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडीच्या माळावर गिरीश प्रभुणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पारधी आणि अन्य भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी वसतिगृह उभारले. ज्या समाजावर इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगाराचा शिक्का मारला आणि ज्याला गावकऱ्यांनी शिक्का पुसल्यावरही वेशीबाहेर ठेवले, त्याची पोरे तेथे पाटीवर अक्षरे गिरवू लागली. प्रभुणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा सत्कार पुष्कळ झाले. सत्काराला आलेल्यांपैकी किती जण नंतर यमगरवाडीला मुक्कामाला गेले, हा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

शिवाय बहुतेक मुलांना वसतिगृहाचीही गरज नसते. बाल न्याय अधिनियम २०१५ ने संस्थेतील निवास हा शेवटचा उपाय मानला आहे. मुलाची पहिली जबाबदारी त्याच्या कुटुंबाची आणि कुटुंब दुबळे असेल तर त्याला हात द्यायचा, हे त्या कायद्याचे तत्त्व आहे. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये पात्र मुलाला स्वतःच्या घरी वा नातलगांकडे राहून शिकण्यासाठी दरमहा ४,००० रुपये प्रायोजकत्व देण्याची तरतूद आहे. विधवेच्या लेकराला आईजवळच ठेवण्याचा हा मार्ग सरकारी दप्तरात पडून आहे. पण त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, मृत्यूचा दाखला, रहिवासी दाखला, बँकेचे खाते आणि बालकल्याण समितीपुढे हजेरी लागते. त्या बाईची एका दिवसाची मजुरी बुडते आणि तालुक्याला गेल्यावर साहेब बैठकीला गेलेले असतात. तिसऱ्या फेरीला ती नाद सोडते. त्यानंतर मिशनची जीप दारात आली, तर तिने कोणाला दोष द्यावा?

धर्मजागरणाच्या मिरवणुकीला हजार माणसे जमवणाऱ्या तालुक्यात, दर गावी त्या बाईबरोबर तहसील कार्यालयात जाऊन अर्ज पुरा होईपर्यंत बसणारा एक कार्यकर्ता मिळत नसेल, तर मिरवणुकीची लांबी मोजण्यात अर्थ नाही. बालगृहांची नोंदणी झाली आहे की नाही, मुले बालकल्याण समितीच्या आदेशाने आली आहेत की थेट पाड्यावरून उचलली आहेत, परदेशी निधीचा हिशेब दाखल होतो की नाही, शाळा सुटल्यानंतर उपासना ऐच्छिक आहे की नाही, हे प्रश्न अधिकाऱ्यांना लेखी विचारले पाहिजेत, आणि ते सर्वच धर्मांच्या बालगृहांबद्दल विचारले पाहिजेत. त्याला दगड लागत नाही, घोषणा लागत नाही. माहितीचा अर्ज आणि चिकाटी लागते.

गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होतो. मुकादमाची उचल त्याच्या कितीतरी आधी घरात येते आणि टोळी निघण्याची तारीख तेव्हाच ठरते. एखाद्या गावात पंचवीस मुलांची सोय करायची, तर दोन खोल्या, दोन वेळचा स्वयंपाक करणारी बाई, औषधांची पेटी आणि हंगामभर तेथेच राहणारी दोन माणसे लागतात. खोल्या आणि धान्य गावात मिळते. दोन माणसे श्रावणापूर्वी ठरवावी लागतात.